कोल्हापूर सोडायच्या आधी: गल्लीतलं कांडप, गंगावेशीचं दूध आणि बाकी जे बॅगेत बसत नाही ते

जूनपासून जर्मनीतल्या स्टुटगार्टला नोकरी सुरू होतेय आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतनं रिलीव्ह झाले, म्हणजे मधला सगळा वेळ घरी, कोल्हापुरात, तोही ऐन उन्हाळ्यात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिलं हेच विचारतो की खरेदी झाली का. मग यादी सुरू होते, थर्मल घे, जाड जॅकेट घे, कुकर घे, पोळपाट घे, पाच किलो तूरडाळ घे. तूरडाळ आणि बासमती तिथल्या एशियन दुकानात मिळते, थंडीचं जॅकेट तिथलंच चांगलं पडतं असं तिथं राहणारे सगळेच सांगतात, मिक्सर इथलाच चालतो कारण तिकडंही २३० व्होल्टच आहे. मग मी माझा नियम केला. जे बॅगेत बसतं त्याला शेवटचे थोडे दिवस पुरे, आणि जे इथं उभं राहूनच खायचं, प्यायचं असतं त्याला आधीचे सगळे दिवस. त्या हिशोबानं कुठं कुठं गेले आणि काय वसूल झालं ते लिहितेय, कारण आपल्याकडची इतकी पोरं आता जर्मनी, आयर्लंड, कॅनडाला जातात आणि जायच्या आधीचे सोन्यासारखे आठवडे मॉलमध्ये आणि ऑनलाइन ऑर्डरची वाट बघण्यात घालवतात, मला ते बघवत नाही.

नियमाला एकच अपवाद, चटणी. कोल्हापूर-सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं वर्षाचा कांदा-लसूण मसाला म्हणजेच चटणी, आमटीत, भाजीत, रश्शात, भाकरीवर तेल टाकून, सगळीकडं तीच. ही बॅगेत बसते पण ती करायला मात्र इथंच असावं लागतं, म्हणून सगळ्यात मोठा रिव्ह्यू आमच्या मंगळवार पेठेतल्या कांडपाचा, म्हणजे मसाला कुटून देतात त्या जागेचा.

आधी घरातलं काम. मिरची तीन प्रकारची घेतली, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झटक्याला थोडी लवंगी. संकेश्वरी बाबा मुद्दाम गडहिंग्लजच्या बाजारातनं घेऊन आले, तिथं ती बघून, मोडून, वास घेऊन घेता येते. ब्याडगीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे २०११ पासून, पण जीआय असो नसो, हातात घेतल्यावर सुरकुतलेली आणि गडद लाल दिसली पाहिजे आणि मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे, नुसती चकचकीत गुळगुळीत असेल तर ती ब्याडगी म्हणून कुणी गळ्यात मारली तरी घेऊ नका. मग गच्चीवर ऊन, देठं खुडणं, कांदा पातळ चिरून वाळवणं. मधेच एकदा वळीव आला तेव्हा मी, आई आणि शेजारच्या वैनी अशा तिघी चादरीची टोकं धरून मिरची खाली आणतोय आणि वरनं टपोरे थेंब, खूप वर्षांनी असली धावपळ केली आणि खरं सांगू, मला ती पाहिजेच होती. नोकरीला लागल्यापासनं चटणी म्हणजे आईनं भरून दिलेला डबा एवढंच माझ्या वाट्याला होतं.

प्रमाण विचारणार तुम्ही म्हणून सांगते. आमच्या आईचं एक किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो खोबरं, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, तीळ, थोडी खसखस, जिरे, आणि मग लवंग, दालचिनी, दगडफूल, चक्रीफूल, जायपत्री, तमालपत्र, मेथी, हळकुंड, खडा हिंग हे सगळं थोडं थोडं तेलात वेगवेगळं तळून. वेगवेगळंच तळायचं, एकत्र टाकलं तर दगडफूल करपतं आणि हळकुंड कच्चं राहतं. मिरची परतायला लागल्यावर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांना ठसका लागला आणि समोरचे काका दारात येऊन म्हणाले, "झाली का सुरू? आमच्यासाठी पण एक वाटी ठेवा."

आता कांडप. गल्लीच्या तोंडाला पत्र्याची शेड, आत तीन डंक, मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं उखळात धाडधाड पडत असतात आणि शेजारी काकी मोठी चाळण घेऊन बसलेल्या. गिरणीत मसाला दळून आणणारे पण पुष्कळ आहेत आता, वेळ वाचतो म्हणून, पण माझं मत पक्कं आहे, दळलेली चटणी आणि कुटलेली चटणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गिरणीत पीठ गरम होऊन बाहेर येतं आणि मसाल्याचा अर्धा वास तिथंच हवेत जातो. डंकात मिरची कुटली जाते, खोबऱ्याचं, तिळाचं तेल तिच्यात हळूहळू मुरतं, रंग उतरत नाही. फौंड्रीत काम केल्यामुळं मशीनचा आवाज ऐकायची सवय आहे मला, तर उखळात माल कोरडा असताना आवाज वेगळा येतो आणि लसूण-कांदा पडल्यावर मुसळाचा आवाज बुजतो, जड होतो. काकी त्या आवाजावरच उठतात, बघायला लागत नाही त्यांना.

क्रम असा, आधी नुसती मिरची आणि मीठ, चाळून वरची बियांची जाड भरड परत उखळात, मग तळलेला गरम मसाला, मग खोबरं आणि तीळ, सगळ्यात शेवटी कांदा आणि लसूण. आणि मग सगळं एकत्र करून परत एक फेरी. प्रत्येक वेळी काकी चिमूट घेऊन तळहातावर चोळतात. शेवटी मूठ वळून बघतात, मूठ राहिली पाहिजे आणि बोटानं टेकवली की फुटली पाहिजे. इथं माझ्या बाबतीत एक गोष्ट झाली जी मला दुसऱ्या कुठल्याही दुकानात कुणी सांगितली नसती. काकींनी विचारलं, "एवढी चटणी कुठं चालली गं?" म्हटलं जर्मनीला. तर त्यांनी मशीन थांबवलं, डब्यातला कांदा हातात घेऊन दाबून बघितला आणि आईला म्हणाल्या, "वैनी, हा कांदा अजून ओला हाय. घरात खायाला चालंल, पण लांब जायाची चटणी ओली नको, बुरशी धरती. घरी जाऊन परत तळून आणा, कुरकुरीत. तवर मी दुसऱ्याचं घेतो. आणि मीठ जरा चढं टाका, कोथिंबीर आजिबात नको." आम्ही घरी जाऊन कांदा परत तळला, कडक केला, परत आलो, तर त्यांनी आमचं उखळ तसंच झाकून ठेवलेलं होतं आणि नंबर पण गेला नव्हता. असल्या माणसाला मी पाचपैकी पाच सोडून काय देणार.

सोयी म्हणाल तर बसायला एक बाकडं, एकच फॅन, आणि डोळे चुरचुरणारच, तोंडाला ओढणी बांधून जा आणि लेन्स लावत असाल तर काढून जा. दर किलोवर आहे, भिंतीवर खडूनं लिहिलेला असतो, घेताना आणि देताना तुमच्यासमोर काट्यावर वजन करतात. यूपीआय चालतं. एप्रिल-मेत नंबर लागतात म्हणून लोक सकाळी सहालाच डबे रांगेत ठेवून जातात, डब्याला नाव लिहिलेलं असतं आणि कुणी कुणाचा डबा पुढं सरकवत नाही. बसल्या बसल्या आजूबाजूच्या बायका आपापलं प्रमाण सांगतात, एकीनं तर मला तिच्या डब्यातनं चिमूटभर चाखायला दिली, तिच्यात लसूण दुप्पट होता आणि ती पण भारी होती. आई तिथं किती खुलून बोलत होती, कोण कुठल्या गल्लीतली, कुणाच्या मुलीला कुठं दिलंय, आणि मधेच माझ्याकडं हात करून "ही चालली बघा जर्मनीला, इंजिनिअर हाय", मी किती वेळा ऐकलं असेल. त्या दुपारी आई आणि मी जेवढा वेळ शेजारी शेजारी बसलो तेवढा गेल्या कित्येक वर्षांत बसलो नव्हतो, दोघींनाही कुठं जायचं नव्हतं.

पॅकिंगचा मात्र वाईट अनुभव आला. शहरातल्या एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही, व्हॅक्यूम पॅकिंग करून घेतलं, पैसे चांगले घेतले आणि घरी आणून ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन पाकिटांत हवा शिरून ती फुगली, एकाच्या कडेनं तेल बाहेर. परत नेलं तर म्हणाले मसाला तेलकट आहे, आम्ही काय करणार. अहो, कांदा-लसूण मसाला तेलकटच असतो, कोल्हापुरात दुकान टाकून हे माहीत नको? मग एका छोट्या दुकानदारानं सीलच्या जागेवरची पावडर आधी कोरड्या फडक्यानं पुसून, दोन सील मारून, परत दुसऱ्या जाड पिशवीत घालून दिलं. ते अजून जसंच्या तसं आहे. तुम्ही कुठंही पॅक करून घ्या, एक रात्र कपाटात उभं ठेवून मगच बॅगेत टाका.

नेण्याबद्दल दोन-चार गोष्टी ज्या शोधून शोधून नक्की केल्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, ज्वलनशील म्हणून २०२२ पासून भारतात बंदी आहे, त्यामुळं खोबरं वेगळं न्यायचा विचार सोडा. खसखस जर्मनीत चालते, तिकडं तर केक-ब्रेडमध्ये घालतात, पण दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी मसाल्यात खसखस अजिबात घालू नका, तिथं ती बेकायदेशीर आहे आणि हे सरळ अडकायचं काम आहे. बाहेरच्या देशातनं येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला परवानगी नाही, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, मटण लोणचं सगळं इथंच. आंबा पण नाही, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, त्यातनं केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटलीत.

आणि म्हणूनच दुसरा नंबर गंगावेशीच्या दूध कट्ट्याला. बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, संध्याकाळी भर शहरात रस्त्याच्या कडेला म्हशी आणून बांधतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. पाणी घालायचा प्रश्नच नाही, डोळ्यासमोर सगळं. पैलवानांचं गाव, तालमी, खुराक, त्यातनं हे टिकलंय आणि अजून रोज भरतं. धारोष्ण दूध कोमट असतं, जाड असतं, वरचा फेस ओठाला चिकटतो आणि ग्लास मोठा असतो, एका दमात होत नाही. मी बाबांबरोबर जाते. लहानपणी ते मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे, आता मी त्यांना ॲक्टिव्हावर मागं बसवून नेते. ते दूधवाल्या मामांशी म्हशीच्या वैरणीबद्दल बोलत बसतात, पावसाचं काय, सरकीचा भाव काय, आणि मधेच मला म्हणतात, "घे की अजून अर्धा." घेते मी. रात्रीचं जेवण जात नाही मग, आई ओरडते, पण असू दे. सूचना एवढीच, कच्चं दूध आहे, पोट नाजूक असेल, गरोदर असाल किंवा बारकं मूल असेल तर घरी आणून उकळूनच प्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी तर कुणीच पिऊ नका. बाकी मला विचाराल तर कोल्हापुरात शेवटची संध्याकाळ कुठं घालवायची याचं उत्तर हेच.

दुधावरनं आठवलं, एक रविवार नृसिंहवाडीला गेलो, दत्ताचं दर्शन, कृष्णा-पंचगंगेचा संगम, आणि मग बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी न्यायला मिळणार नाही म्हणून जास्तच खाल्ली. जोतिबाची चैत्र यात्रा पण याच दिवसांत आली, गर्दी प्रचंड पण सासनकाठ्या नाचवत येतात आणि गुलालात सगळा डोंगर गुलाबी होतो, तिथं "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणताना आवाज आपोआप चढतो. पांढरा कुर्ता घालून गेले, तो तसाच गुलाबी राहू दिलाय आणि तो बॅगेत आहे.

मिसळीवर जास्त लिहीत नाही, त्यावर आपल्याकडं भांडणं होतात. फडतरे, बावडा, चोरगे, सगळीकडं गेले. मला उद्यमनगरात फडतरेंकडं रांगेत उभं राहायलाच आवडतं, कट म्हणजे तिखट रस्सा वरनं मागून घ्यायचा, आणि पाव म्हणजे आपला स्लाइस ब्रेडच, पुण्याचे मित्र यावर तोंड वाकडं करतात पण कट ओढायला स्लाइससारखं दुसरं काही नाही. सोळंकींचं कॉकटेल आइस्क्रीम उन्हाळ्यात हवंच. खासबागेत राजाभाऊंची भेळ पण खाल्ली. तिथं भेळेचा कागद हातात घेऊन समोर बघवत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर, शाळेच्या गॅदरिंगला मी त्या स्टेजवर उभी राहिलेली आहे. शेजारचं कुस्तीचं मैदानही महाराजांचंच, १९१२ चं. नाट्यगृह परत उभं राहावं आणि सुट्टीला येईन तेव्हा आईबाबांना घेऊन तिथं नाटक बघावं एवढं मनात आहे.

चप्पल. चप्पल लाईनीत गेले, आईसाठी, माझ्यासाठी आणि तिकडच्या नवीन टीमलीडसाठी घेतली. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय मिळालं आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखंच पायताण दाखवलं तेव्हा सगळीकडं गाजलं, नंतर त्यांना मान्य करावं लागलं की प्रेरणा इथली. पण घेताना एवढंच बघा, खिळा नको, चामड्याच्या वादीची शिलाई पाहिजे, तळवा वाकवून बघितल्यावर थर सुटायला नकोत आणि रंगाचा भपका यायला नको, चामड्याचाच वास यायला पाहिजे. मी कापशी प्रकारची घेतली, कारागिरानं तिथंच माझ्या पायावर कान बसवून, ठोकून दिला. पहिले दिवस चावते, तेल लावून घरात वापरायची. पावसात आणि बर्फात नाही, स्टुटगार्टला घरात आणि दिवाळीला.

तांबडा-पांढरा कुठल्या हॉटेलात बरा असं मैत्रिणींनी विचारलं होतं. खानावळी चांगल्या आहेत, गावात कुणालाही विचारा, पण ज्याला घर सोडून जायचंय त्यानं तो घरीच खावा. आमच्याकडं पांढरा रस्सा आजीच्या पद्धतीचा, मटणाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस वाटण, खडा मसाला, मिरी, आणि नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, सारखं ढवळत राहायचं. यावेळी आईनं डाव माझ्या हातात दिला आणि स्वतः मागं उभी राहिली. मधेच फोन वाजला तर म्हणाली, "फोन असू दे, रस्सा फुटंल." फुटला नाही. बाबा दुसऱ्यांदा वाटी पुढं करताना काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, आमच्या घरात याच्यापेक्षा मोठा रिव्ह्यू नसतो.

आंबा रोज चाललाय. देवगड खायला, पायरी रसाला. यंदा डझनाचा भाव कितीही असो, बाबा पेटी आणतात आणि आम्ही कुणीच काही बोलत नाही.

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी कांडपाचं शेवटचं. मिरची फेब्रुवारीपासनं बाजारात येते, एप्रिलपर्यंत चांगली मिळते. काम मे संपायच्या आत उरका, मृग लागला की हवेत दमटपणा येतो, मिरची वाळत नाही आणि तसली चटणी परदेशात काय, घरातही टिकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पण उन्हाळ्यातच करून ठेवा, चिनीमातीच्या बरणीत, वर हिंगाचा खडा ठेवून, आणि बॅग भरायच्या वेळी कोरड्या चमच्यानं काढून मगच पॅक करा. कांदा मात्र कुरकुरीतच तळून न्या, नाहीतर काकी परत पाठवतील.